मागच्या रांगेतला दुसरा

झेरॉक्सताईच्या दुकानात मशीनच्या वर एक पाटी होती: ‘जुने फोटो लॅमिनेट करून मिळणार नाहीत.’ पाटी मोठ्याने वाचायची, आणि वाचून झाली की पिशवीतून आजोबांचा फोटो काढून “एवढा एकच कर गं” म्हणायचं, ही गावाची पद्धत. मग ती पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागायची. गरम प्लास्टिकखाली जुन्या फोटोचा वरचा थर वितळतो, चिकटतो, आणि एकदा चिकटला की ब्रह्मदेव आला तरी सुटत नाही. हे शहाणपण तिने पुस्तकात वाचलेलं नव्हतं. दुकान टाकलं त्या वर्षी गिरणीवाल्या काकूंच्या सासऱ्यांचा एकुलता एक फोटो तिने मोठ्या हौसेने मशीनमधून काढला होता आणि सासरे नाकापर्यंत काळेनिळे होऊन बाहेर आले होते. काकू म्हणाल्या, “जाऊ दे. रागावले की ते असेच दिसायचे.” काकू विसरल्या. ताईला मात्र आठ दिवस घास गोड लागला नाही.

स्वभावच तसा. दुसऱ्याची जुनी वस्तू हातात आली की ती काळजीला लागायची. ती हरवली तर, फाटली तर, घरातल्या मांजरीने चावली तर. नवरा वायरमन, दिवसभर विजेच्या तारांशी खेळणारा, त्याला या काळजीचं हसू यायचं. सासूच्या घरात राहतो म्हणून गावाने त्याला काही दिवस चिडवून पाहिलं होतं, पण तो चिडेचना, तेव्हा गावानेच नाद सोडला. असा शांत माणूस बायकोला म्हणायचा, “काळजी करायची स्पर्धा निघाली ना, तर तू पहिली येशील आणि बक्षीस कुठे ठेवू म्हणून पुन्हा काळजी करत बसशील.”

अशा बाईच्या गळ्यात चेअरमनकाकांनी अख्ख्या गावाचे जुने फोटो बांधले.

सोसायटीचे चेअरमन म्हणजे आधी घोषणा आणि मग विचार. नवं गोदाम बांधून झालं तेव्हा भर सभेत त्यांनी जाहीर केलं की घराघरांतले जुने फोटो आणि कागद गोळा करायचे, कॉम्प्युटरमध्ये उतरवून ठेवायचे, आणि सगळ्यात पहिला फोटो मोठा करून गोदामाच्या भिंतीवर लावायचा. सगळ्यात पहिला म्हणजे मशीनचा. बेचाळीस वर्षांपूर्वी अकरा घरांनी मिळून मळणीची मशीन आणली होती. त्या दिवशी शहरातून फोटोवाला बोलावला, अकरा घरांतले अकरा पुरुष मशीनपुढे उभे केले आणि प्रत्येक घराला एकेक प्रत दिली. सोसायटीची सुरुवात ती तिथून. “पुढच्या रविवारी गोदाम उघडायचं. तोवर फोटो भिंतीवर पाहिजे,” असं सांगून चेअरमन मोटरसायकलला किक मारून गेले. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याचं बरं असतं. हातात उरले होते बारा दिवस.

ती लगेच हो म्हणाली, त्याला एक कारण होतं. तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं. त्या अकरा जणांत तिचे वडील होते, आणि तिने वडिलांना कधी पाहिलं नव्हतं. ती दीड वर्षाची असताना ते कामासाठी शहरात गेले आणि तापाने तिकडेच वारले, असं तिला लहानपणापासून सांगितलेलं. लग्नात फोटो काढायची त्या घराची ऐपत नव्हती. उभ्या आयुष्यात त्यांचा फोटो निघाला तो एकच, मशीनपुढचा. घरी त्याची प्रत नव्हती. आई म्हणायची, “आपली केव्हाच भिजून गेली.” इतर घरांत प्रती असणार हे तिला कळत होतं, पण परक्याच्या दारात उभं राहून ‘माझ्या वडिलांचं तोंड दाखवता का’ असं विचारायचं धाडस तिला इतक्या वर्षांत झालं नाही. आता सोसायटीच्या नावाखाली ते आपोआप जमणार होतं.

आईला तिने काम सांगितलं तेव्हा आई दोरीवरचे कपडे काढत होती. “जुनं उकरून काय मिळणार आहे तुम्हाला?” एवढंच म्हणाली आणि वाळलेली चादर पुन्हा दोरीवर टाकून आत गेली.

गोळा करायचं काम मात्र गमतीचं निघालं. लोकांनी फोटो कुठे कुठे ठेवले होते! धान्याच्या पत्र्याच्या कोठीत, पिठाच्या डब्याखाली, भिंतीवरच्या घड्याळाच्या पाठीत. एका अल्बममधून माणसांआधी धान्यातले किडेच बाहेर आले. एका घराने बैलाच्या लसीचं प्रमाणपत्र आणि मुलीचं दहावीचं एकाच प्लास्टिकच्या पिशवीत जपलं होतं, आणि बैलाचं जरा जास्त नीट होतं. कुणाच्या आजोबांची वही निघाली, त्यात फक्त पाऊस आणि भांडण: ‘आज पाऊस. धाकट्याशी बोलणं बंद.’ ‘आज पाऊस नाही. बोलणं बंदच.’ ताई प्रत्येक घराला पावती लिहून द्यायची, प्रत्येक घराचं पाकीट वेगळं करायची, फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने घराचा क्रमांक टाकायची. गुंडाळी झालेले फोटो टिपकागदात घालून वर जाड पुस्तकं ठेवायची. घरी जाताना कपाटाला कुलूप लावायची, वीस पावलं जायची, आणि कुलूप ओढून बघायला परत यायची.

मशीनच्या फोटोची पहिली प्रत आली ती गिरणीवाल्या काकूंकडून. ताईने हात धुतले, कोरडे केले, पाकीट उघडलं आणि कपाळावर हात मारला. फोटोला दोन भोकं होती.

पहिल्या भोकाचं तिला नवल वाटलं नाही. माणूस गेलं की त्याचा वेगळा फोटो कुणाकडे असायचा? मग घरातल्याने हाताला येईल ती कात्री घ्यायची, एकत्र फोटोतून आपलं माणूस कापायचं आणि शहरात नेऊन मोठं करून आणायचं. काकूंचे सासरे असेच पुढच्या रांगेतून उचलले गेले होते, आणि नंतर ताईच्या मशीनमध्ये काळेनिळे झाले होते. दुसरी प्रत आली, तीतही तेच, त्या घराचं माणूस गायब. पण तिला बरंच वाटलं. एका घराने कापलेला माणूस दुसऱ्या घराच्या प्रतीत शाबूत होता. काकूंचे सासरे तिसऱ्या प्रतीत मिशीला पीळ देऊन बसले होते, आणि त्यांना बघून ताईच्या मनावरचं जुनं ओझं उतरलं. सगळ्या प्रती एकमेकींवर जुळवल्या की अकराच्या अकरा परत उभे राहणार होते.

दुसरं भोक मात्र प्रत्येक प्रतीत एकाच जागी होतं. मागची रांग, डावीकडून दुसरा.

तिसऱ्या प्रतीपर्यंत तिने योगायोग म्हटलं. पाचव्या प्रतीला तिच्या मनात पाल चुकचुकली. आठवड्याअखेर दहाव्या घराची प्रत आली तेव्हा पाकीट उघडायलाही तिचा हात धजेना, आणि उघडलं तर तिथेही तो चौकोन. बाकीची भोकं वेडीवाकडी, अंडाकृती, पोती कापायच्या कात्रीने कुरतडलेली. हे भोक सरळ रेषेत होतं, पट्टी लावून ब्लेडने कापलेलं. तिने मोजून पाहिलं. दहाही प्रतींत लांबी तीच, रुंदी तीच. म्हणजे एका माणसाने, एका बैठकीत, दहाच्या दहा प्रतींतून एकच माणूस काढून टाकला होता.

चेअरमनच्या घरून आलेल्या गाठोड्यात सोसायटीची पहिली वही होती. तीत अकरा भागीदारांच्या सह्या. ताईने फोटोतला एकेक चेहरा एकेका सहीला लावला. दहा लागले. एक सही उरली, आणि ती तिच्या वडिलांची होती.

बाहेर कुणीतरी आधारकार्डाची झेरॉक्स मागत उभं होतं, त्याला तिने एकाच्या जागी सात प्रती काढून दिल्या.

मग ती वही पुढे चाळत गेली. दोन वर्षांनंतरच्या मळणीच्या हंगामात, ती स्वतः दीड वर्षाची होती त्या महिन्यात, टाकाच्या निळ्या शाईत लिहिलं होतं: ‘सर्व भागीदारांनी आपापला मशीनचा फोटो घेऊन उद्या सकाळी शाळेत हजर राहावे. सर्वानुमते ठरले.’ त्याखाली दुसऱ्या दिवशीची ओळ: ‘आजपासून मळणी बंद. कारण सर्वांना ठाऊक आहे.’

कारण सर्वांना ठाऊक आहे. सर्वांना म्हणजे तिला सोडून.

त्यानंतर ताईचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, आणि तिचं मन तर या कामात मुरलेलं. ऐन हंगामात मशीन बंद ठेवण्याइतकं काय केलं होतं त्या माणसाने? कुणाच्या जिवावर उठला होता? कुणाच्या घरातली बाई घेऊन पळाला होता? गावाने ठराव करून, सगळ्यांना शाळेत बोलावून, ब्लेड लावून त्याला फोटोतून काढला. एकाही घराने दया दाखवली नाही, एकाही घराने आपली प्रत लपवली नाही. आणि याच दहा घरांनी तिला लहानाची मोठी करताना काय केलं? पहिली भाजी निघाली की तिच्या दारात, शाळेची पुस्तकं कुणीतरी आणून द्यायचं, लग्नात दहा घरांच्या बायका राबल्या. तिला वाटायचं, माया आहे. आता वाटायला लागलं, कीव होती. बापाने तोंड काळं केलं, पोरीचा काय दोष, असली कीव. हा विचार आला आणि तिला रस्त्याने मान वर करून चालायची लाज वाटू लागली.

तिने पहिल्यांदा तीनबोट्या आजोबांना गाठलं. फोटोत पुढच्या रांगेत ते बसले होते आणि हाताची पाचही बोटं मांडीवर नीट मोजता येत होती. आता तीन होती. तिने भीत भीत विचारलं, “आजोबा, ही बोटं मळणीच्या मशीनमध्ये...?”

“छ्या! चारा कापताना गेली. तू तेव्हा शाळेत होतीस. रडली होतीस बघून.”

तिने सुटकेचा श्वास टाकला. मग खिशातून स्कॅनची प्रत काढून चौकोनावर बोट ठेवलं. “आणि हे?”

आजोबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. “डोळ्यांना हल्ली काही दिसत नाही पोरी,” ते म्हणाले. दोन मिनिटांपूर्वी त्यांनी समोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॅक्टरचं टायर झिजलंय हे सांगितलं होतं.

गिरणीवाल्या काकू म्हणाल्या, “कात्रीच लागली असेल गं कुणाची तरी.” दहा फोटोंना एकाच जागी लागणारी कात्री! ताकास तूर लागू द्यायची नाही असं सगळ्यांनी ठरवलेलं दिसत होतं. शुक्रवारी चेअरमन दुकानात आले. पडद्यावर जोडलेला फोटो बघून खूश झाले, एकेकाचं नाव घेऊन हसले, आणि चौकोनापाशी येऊन गप्प झाले.

“तिथे ना,” ते घसा खाकरून म्हणाले, “तिथे एखादं पोतं लाव.”

“पोतं?”

“धान्याचं. कॉम्प्युटरवर येतं ना लावता? मशीनच्या फोटोत पोतं शोभून दिसेल.”

“काका, तिथे माणूस आहे.”

“होता,” चेअरमन म्हणाले. मग बोलून चुकल्यासारखे घाईने उठले. “हे बघ पोरी, सगळ्याच गोष्टी भिंतीवर लावायच्या नसतात. आईला विचारल्याशिवाय तर मुळीच नको. आणि आईलाही विचारू नको. पोतं लाव, संपलं.”

मोटरसायकलचा आवाज लांब गेला तरी ती खुर्चीला खिळून होती. रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वडिलांच्या जागी पोतं. ते कसेही असोत, चोर असोत, त्याहून वाईट असोत, तिला त्यांचं तोंड बघायचं होतं. तोंड बघायला मिळणार नसेल, तर निदान काय केलं ते कळायला हवं होतं. आणि कळण्याची भीती तर अशी, की घरी जेवताना आईकडे बघायचं धाडस होईना.

नवऱ्याने शनिवारी सकाळी पक्कड पिशवीत टाकता टाकता सांगितलं, “काखेत कळसा आणि गावाला वळसा. ज्यांना विचारायचं त्या स्वयंपाकघरात बसल्यात. विचार एकदाचं. नाहीतर मी विचारतो.”

“तू नको!” ती ओरडलीच.

आई खिडकीपाशी बसून वाटाणे सोलत होती. ताईने तिच्यासमोर पाटावर दहाही प्रती मांडल्या, सगळ्या भोकांसकट. शेवटी तिच्या तोंडून निघालं ते असं: “आई, त्यांनी कुणाला मारलं का?”

आईचा हात शेंगेवर थांबला. “कुणी?”

“बाबांनी. ठराव करून कापलंय त्यांना. मी वही वाचली. मळणी बंद ठेवली होती. सगळे गप्प बसतात, चेअरमन पोतं लाव म्हणतात. काय केलं होतं त्यांनी? मला आता काहीही सांग, पण खरं सांग.”

आईने एका चौकोनाच्या कडेवरून बोट फिरवलं.

“गुरुजींनी कापले हे,” ती म्हणाली. “शाळेच्या टेबलावर. एकही रेघ वाकडी नाही जाऊ दिली. रागाने नाही गं कापला कुणी. शोधायला कापला.”

ताईला काही समजलं नाही.

“हे वारले नाहीत. म्हणजे वारले असतील, नसतील. मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.” आई एकेक वाक्य बोलत होती आणि मध्ये थांबत होती. “मळणी निम्म्यावर आली आणि मशीनचा पट्टा तुटला. हे म्हणाले, शहरातून घेऊन येतो, दुपारपर्यंत परत. तुटक्या पट्ट्याचा तुकडा मापाला पिशवीत घातला. बसमधून शहरात उतरताना कंडक्टरने पाहिलं. पट्ट्याच्या दुकानात पोचलेच नाहीत. गावाने दुसरा पट्टा आणून बसवला, दोन दिवस वाट बघितली. तिसऱ्या दिवशी पोलीस म्हणाले, फोटो द्या. फोटो कुठून देणार? हा एकच. त्यातून आपली प्रत पोलिसांनी ठेवून घेतली. ती काही भिजली नव्हती. मग गुरुजी म्हणाले, प्रत्येकाने आपापला आणा. दहा चौकोन कापले, मागे नाव-पत्ता लिहिला, आणि दहा माणसं दहा दिशांना गेली.”

“मळणी सोडून?”

“ऐन मळणीत. पीक कापून शेतात पडलेलं.” आईचा आवाज इथे पहिल्यांदा फाटला. “नऊ दिवस फिरले. ठाणी, दवाखाने, धर्मशाळा. इकडे सातव्या दिवशी पाऊस आला. निम्म्या धान्याला शेतातच कोंब फुटले. एकाने ब्र काढला नाही. परत आले, आणि पहिली मळणी आपल्या शेताची केली. मग स्वतःची.”

ताई भिंतीला टेकली. आठवडाभर ती या दहा घरांवर मनातल्या मनात दात ओठ खात होती. तिला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मला का नाही सांगितलंत?”

“तेव्हा बस आली की मी दाराकडे पळायचे. दिवसातून तीनदा. तू नुकती पळायला लागली होतीस, माझ्यामागे तूही यायचीस. मी का पळते ते तुला ठाऊक नव्हतं, तुझा तो खेळ झाला. एक दिवस मला ताप होता, मी उठलेच नाही. बसचा आवाज आला आणि तू एकटी दारात जाऊन उभी राहिलीस. बस गेली तरी उभीच.” आईने पदराने डोळे पुसले. “त्याच दिवशी मी दहा घरं फिरले. म्हटलं, पोरीला सांगा वारले. तिच्या नशिबी हे दार नको. सगळ्यांनी शब्द पाळला. चेअरमनचं तोंड कसं बंद राहिलं इतकी वर्षं, देवाला माहीत.”

“आणि तू?”

“मी अजून बघते. आता पळवत नाही एवढंच.”

वाटाण्याचे दाणे पाटाखाली घरंगळले होते, ते कुणी उचलले नाहीत. मग ताईने अगदी हळू विचारलं, “ते दहा तुकडे? एकही परत नाही आला?”

“नऊ गेले. कुठल्या ठाण्यात, कुठल्या भिंतीवर. एक ड्रायव्हरकडे आहे.”

ती चप्पल घालायलाही थांबली नाही.

ड्रायव्हरमामा म्हणजे फोटोतले मागच्या रांगेतले पहिले, अकरा जणांतले सगळ्यात लहान. तेव्हा जेमतेम पंचविशीचे. त्यांनी पुढे शेती भावाला दिली आणि ट्रक धरला. गाव म्हणायचं, याला घरात बसवत नाही, पायाला भिंगरी आहे. सदुसष्टाव्या वर्षीही ते लांबच्या खेपा करत होते आणि मुलांच्या शिव्या खात होते. ती धावत गेली तेव्हा ते गोदामाच्या आवारात ट्रकची काच पुसत होते. तिचं तोंड बघूनच त्यांनी फडकं खाली ठेवलं.

“आईने सांगितलं?”

तिने मान हलवली. नुसता हात पुढे केला.

मामांनी शर्टाच्या आतल्या खिशातून लायसन्सचं पाकीट काढलं, त्यातून एक घडीचा कागद, आणि कागदातून तो चौकोन. तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो डोळ्यांजवळ नेला.

चेहरा नव्हता. शर्टाची कॉलर होती, एक कान होता, केसांची कड होती, आणि मध्ये जिथे तोंड असायला हवं तिथे कागद पांढरा, गुळगुळीत झालेला. वर्षानुवर्षं अंगठ्याखाली धरून दाखवत राहिल्यावर वरचा थर झिजून गेला होता. अशा फोटोंचं काय होतं हे गावात तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. हे कुठल्याच मशीनने परत येणार नव्हतं.

“माझी चूक,” मामा म्हणाले. “प्लास्टिकच्या पाकिटात नीट ठेवायला हवा होता. पण प्रत्येक ढाब्यावर, प्रत्येक पंपावर काढायचा, दाखवायचा. लोकांचे हात तेलकट, माझेही. पहिलं नाक गेलं, मग डोळे. तेरा-चौदा वर्षांपूर्वी तर काहीच उरलं नाही. लोक म्हणायचे, बाबा, यात कुणाला ओळखू?”

“मग थांबलात?”

“थांबतोय कसला!” मामा जरा रागावलेच. “तो माझ्या शेजारी उभा होता फोटोत. तुझ्या आईकडे गेलो. म्हटलं, वहिनी, काय करू? तिने दुसरा दिला.”

त्यांनी घडीच्या कागदाचा दुसरा पदर उलगडला. आत एक पासपोर्ट फोटो होता. ताईच्याच दुकानातला, पांढऱ्या पडद्यापुढचा, ताईचाच.

“सगळं तोंड तू त्याचं घेतलंयस,” मामा म्हणाले. “कपाळ तेच, नाकही तेच, हसताना डावा डोळा बारीक होतो तो पण त्याचाच. मी हा दाखवतो आणि सांगतो, असं तोंड. बाई नाही, म्हातारा. सत्तरीच्या पुढचा. पाहिलात का? दर दोन-तीन वर्षांनी आई नवा देते, वय वाढतं ना.”

ताई त्या फोटोकडे बघत राहिली. हजार वेळा तिने हे तोंड पडद्यावर कापून, उजळून, चौकोनात बसवलं होतं आणि एकदाही नीट पाहिलं नव्हतं. आता ती कपाळ बघत होती, नाक बघत होती, हनुवटी बघत होती, आणि रडत होती. मामांनी तिला रडू दिलं. आवारात उद्याच्या खुर्च्या उतरवायचं काम चाललं होतं, ती माणसंही लांबच थांबली.

बऱ्याच वेळाने मामांनी विचारलं, “उद्या भिंतीवर काय लावणार? चेअरमन पोतं म्हणत होता.”

“आहे तसाच लावणार. भोकासकट,” ती म्हणाली. नाक ओढणीला पुसलं. “तुमची पुढची खेप कधी?”

“सोमवारी. उत्तरेला. तिकडे दोन गावं राहिलीत माझी.”

तिने आपला फोटो त्यांच्या हातात परत दिला.

“हा दोन वर्षांपूर्वीचा आहे मामा. आज नवा काढते,” ती म्हणाली. “किती प्रती लागतील?”